युद्धकाळातल्या सिनेगीतांचा कार्यक्रम बसवताना

साताऱ्यात हा कार्यक्रम करायचा तर पुढच्या रांगांत माजी सैनिक असणार, हे धरूनच चाला. सैनिकांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं अपशिंगे मिलिटरी इथून लांब नाही. सूर जरा हलला तर ही मंडळी सांभाळून घेतात. निवेदनात साल किंवा पुरस्कार चुकला की मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन गाठतात.

दोन तासांत १५ मिनिटांचं मध्यंतर धरून १५ गाणी बसतात, त्याहून जास्त कोंबू नका. 'संदेसे आते हैं' मूळचं दहा मिनिटांच्या वर जातं. दोनच अंतरे ठेवा आणि कुठले गाळले ते ढोलकवाल्याच्या नि कीबोर्डवाल्याच्या वहीत सारखंच लिहून घ्या. नाहीतर एक जण तिसऱ्या अंतऱ्याकडे वळतो, दुसरा मुखड्यावर येतो. 'मेरे देश की धरती'ची पट्टी गायकाला चढी पडत असेल तर खाली घ्या, पण बासरीवाल्याला आदल्या दिवशीच कळवा. त्याला वेगळी बासरी आणावी लागते. 'दूर हटो ऐ दुनियावालो'ला कोरस आठ जणांचा हवा. आठ माइक मात्र नकोत, शिट्टी मारतात. चौघांत एक, हातभर अंतरावर, एवढं पुरतं.

आता निवेदन. बहुतेक घोळ इथेच होतात. 'दूर हटो' ज्यातलं, तो 'किस्मत' १९४३चा, आणि फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. त्यामुळे कवी प्रदीप आणि अनिल विश्वास यांच्या त्या गाण्याला 'पुरस्कारविजेतं' म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. गाण्यात जर्मन-जपानी शत्रूंची नावं होती म्हणून ते ब्रिटिश सेन्सॉरमधून सुटलं; लोकांनी मात्र इंग्रजांवरचा रोख बरोबर ओळखला. एवढंच सांगा, टाळी येते. ऑस्कर तेव्हाही दिलं जात होतं, पण धातूच्या टंचाईमुळे तीन वर्षं बाहुली प्लॅस्टरची होती. मध्यंतरानंतर लोक स्थिरस्थावर होईपर्यंत हा तुकडा कामाला येतो.

'उपकार' १९६७चा, मागे ६५चं युद्ध आणि शास्त्रीजींची घोषणा. 'मेरे देश की धरती'साठी महेंद्र कपूर यांना मिळाला तो राष्ट्रीय पुरस्कार. त्यांचं फिल्मफेअर 'हमराज'मधल्या 'नीले गगन के तले'चं. 'धरती'चं फिल्मफेअर गीतकार गुलशन बावरा यांना. ही तीन वाक्यं कार्डावर वेगवेगळ्या ओळींत लिहा, एका दमात वाचली की हमखास सरमिसळ होते. 'संदेसे आते हैं' ज्यातलं, त्या 'बॉर्डर'ला तो गुंता नाही: जावेद अख्तर यांना गीतलेखनासाठी दोन्ही मिळाले.

'ऐ मेरे वतन के लोगो' सिनेमातलं नाही. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत लताबाईंनी ते गायलं. तरी वगळू नका, प्रेक्षक सोडणार नाहीत. ते शेवटी घ्या. आभार, सत्कार, शाल-श्रीफळ त्याच्या आधी उरका, आणि गाणं संपल्यावर सभागृहातले दिवे लगेच लावू नका.