ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स लवकर बाद होऊ नये म्हणून गाडी कशी चालवायची

पहिलं काम म्हणजे तुमच्या गाडीत नेमका कुठला गिअरबॉक्स आहे ते बघा, कारण ऑटोमॅटिक या एका नावाखाली आपल्याकडे चार जातीचे गिअरबॉक्स विकले जातात. २०१४ ला मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि ऑटोमॅटिक स्वस्त झाली, मग वॅगनआर, टियागो, पंच अशा बऱ्याच गाड्यांत तोच प्रकार आला. एएमटी म्हणजे आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, तीच कोरडी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरच्या हुकमावर चालणारी यंत्रणा, करतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते. सीव्हीटीत गिअर नसतातच, दोन पुलींवर स्टीलचा पट्टा फिरतो, पिठाच्या गिरणीसारखा. आणि डीसीटीत दोन क्लच असतात, काही कोरडे काही तेलातले. ओनर्स मॅन्युअलमधे सगळं लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणातून बाहेर काढतंय कोण.

आता मुद्दा असा की चौघांनाही खातं ते घसरणं, म्हणजे इंजिन आणि चाकं यांना जोडणारे आतले भाग एकमेकांवर न चिकटता निसटत फिरणं, आणि त्यातून होणारी गरमी, आणि हे घसरणं हायवेला १०० च्या स्पीडला जवळपास होतच नाही, ते होतं गाडी उभ्याची हलताना, शून्य ते दहाच्या मधे. म्हणून निम्मा जन्म हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे काढलेली कमी किलोमीटरची गाडी आणि पुणे कोल्हापूर करणारी दुप्पट किलोमीटरची गाडी यात दुसरीचा क्लच चांगला निघू शकतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चढावर गाडी एक्सिलरेटरवर तोलून धरणं. खंबाटकीच्या चढाला ट्रकची रांग लागलीय, पुढचा हलतोय थांबतोय, आणि आपण ब्रेकवरचा पाय काढून नुसतं थोडं थोडं एक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर ठेवतो, मागे येत नाही पुढे जात नाही, फार भारी कंट्रोल आहे असं वाटतं. आत काय चाललंय तर एएमटीत क्लच अर्धवट चिकटलाय आणि इंजिन त्याला घासतंय, एकदोन मिनिटात जळका वास येतो, काही गाड्यांत बीप वाजतो किंवा डिस्प्लेवर वॉर्निंग येते. कोरड्या क्लचच्या डीसीटीतही हेच. टॉर्क कन्व्हर्टरमधे प्लेट जळत नाही पण ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. त्यामुळे चढावर थांबायचं तर ब्रेक दाबूनच थांबा, ब्रेक दाबला की एएमटीचा क्लच पूर्ण सुटतो, झीज बंद. निघताना हँडब्रेक ओढा, हलकं एक्सिलरेटर द्या, गाडीने ओढ घेतली की हँडब्रेक सोडा, मॅन्युअलवाले करतात तेच. हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी धरून ठेवणारी सोय) असेल तरी तो दोनेक सेकंदच धरतो, त्याच्या भरवशावर मोबाईल बघत बसू नका.

ट्रॅफिकमधे पुढच्याच्या बंपरला चिकटून इंच इंच सरकू नका. पुढे एक गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून नीट निघा आणि नीट थांबा. मधे कुणीतरी रिक्षा घुसवणार हे धरून चाला, घुसू दे, क्लच प्लेटपेक्षा ते स्वस्त. एएमटी असेल तर अशा वेळी मॅन्युअल मोडला फर्स्टवर ठेवा म्हणजे ती उगाच फर्स्ट सेकंड, फर्स्ट सेकंड करत नाही.

सिग्नलला न्यूट्रल करायचं का? अर्धा मिनिट असेल तर डी (ड्राइव्ह) आणि ब्रेक पुरे, दर वेळी काढ घाल केली तर आतले क्लच उगाच जास्त वेळा जुळतात सुटतात. लांबलचक सिग्नल किंवा रेल्वे फाटक असेल तर एन (न्यूट्रल) आणि हँडब्रेक.

यू टर्न घेताना गाडी मागे सरकतेय तोवरच आर (रिव्हर्स) मधून डी मधे टाकायची घाई बऱ्याच जणांना असते. पूर्ण थांबा, मग बदला, नाहीतर ब्रेकचं काम गिअरबॉक्सच्या क्लचवर पडतं. पी (पार्किंग) चंही तसंच. पी म्हणजे आत एक छोटा खटका दातात अडकतो, उतारावर थेट पी टाकून ब्रेक सोडला की पूर्ण गाडीचं वजन त्या खटक्यावर, आणि मग काढताना खट्ट आवाज येतो. आधी ब्रेकवर पाय ठेवून एन, हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग परत ब्रेक दाबून पी. बहुतेक एएमटीत पी नसतो, तिथे गिअरमधेच बंद करायची आणि हँडब्रेक लावायचा.

घाट उतरताना न्यूट्रल मारून गाडी सोडणारे अजून आहेत, पेट्रोल वाचतं म्हणे. डी मधे पाय उचलला की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगला लागतं, शिवाय इंजिनचा ब्रेक जातो आणि ब्रेक तापून फेल व्हायची वेळ येते. ताम्हिणी, आंबा घाटात खालचा गिअर किंवा एल (लो) वापरा. चढताना एएमटीला गिअर बदलायच्या वेळी पाय किंचित सैल केला तर झटका कमी बसतो.

सीव्हीटीवाल्यांनी उभ्या गाडीला एकदम पाय दाबून पळवायचं नाही, पट्टा घसरला की पुलीवर ओरखडे पडतात आणि ते परत बुजत नाहीत. आणि तेल सीव्हीटीचंच टाका, साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं तेल, चालत नाही. तेल लाइफटाइम आहे असं सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं तरी ओनर्स मॅन्युअलमधे हेवी ट्रॅफिक, घाट, टोइंग असं सिव्हिअर वापराचं वेगळं टेबल आहे का बघा, आपला वापर बहुतेक त्यातच बसतो. तेल काळपट आणि जळक्या वासाचं निघालं तर उशीर झालाय. पावसाच्या पाण्यात गाडी खोल अडकली असेल तर तेल दुधाळ झालंय का तेही चेक करून घ्या.

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी बंद पडली तर धक्का स्टार्ट होत नाही, पोरांना बोलवून घाम काढू नका. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढायलाही देऊ नका, इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद आणि आतले गिअर कोरडेच फिरतात. टोइंगवाल्याला फोनवरच फ्लॅटबेड आण म्हणून सांगा.