हिरवा बिल्ड, शून्य टेस्ट

लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जावामधला जुना कोड. गेल्या महिन्यात नाशिकच्या ऑफिसात त्याच्या टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, जेयुनिट या टेस्टच्या साधनाच्या आवृत्ती ४ वरून ५ वर आणायला घेतल्या. इम्पोर्ट (फाइलीच्या वरची लायब्ररीची नावं) बदलले, बिल्ड (कोड जुळवून तपासणं) चालवला, हिरवा, म्हणजे सगळं पास! खुशीत मिसळ खायला निघालोच होतो, तेवढ्यात सहकारी म्हणाली, "अरे, शून्य टेस्ट चालल्यात की!"

बिल्ड करणाऱ्या मेवनचं, टेस्ट चालवणारं शुअरफायर प्लगइन जुनं होतं. जेयुनिट ५ त्याला थेट कळतं ते २.२२.० पासून. ते वाढवलं आणि लाल रंगाचा, म्हणजे नापास टेस्टचा, असा पूर आला की गोदेच्या पुराची पातळी दाखवणारा दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडावा.

बरेचसे एरर नल पॉइंटरचे, म्हणजे न बनलेली वस्तू वापरल्याचे. काही फाइलींत टेस्टआधीची तयारी करणारं ४ मधलं 'बिफोर' तसंच राहिलं होतं. जेयुनिट ५ चं नवं इंजिन ते मुकाट सोडून देतं, त्यामुळे तयारीचा कोड चालतच नव्हता. तिथे ५ मधलं 'बिफोरईच' केलं.

खरा वेळ खाल्ला तो अपेक्षित आणि मिळालेलं उत्तर ताडून बघणाऱ्या 'असर्टइक्वल्स'ने. ४ मध्ये चुकल्यावर दाखवायचा संदेश आधी लिहायचा, ५ मध्ये शेवटी. संदेश आणि दोन्ही उत्तरं अशा तिन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असल्या की कंपायलर चकार शब्द काढत नाही. "पट्टीवरचं नाव चुकलं" हा संदेशच अपेक्षित उत्तर धरून तुलना होते. फाइंड-रिप्लेसवर भरवसा नव्हता, एकेक ओळ हाताने फिरवली. दोन संध्याकाळी गेल्या.

'रूल' ही ४ मधली सोय वापरणाऱ्या किचकट टेस्टना हात लावला नाही. जुन्या टेस्ट चालवणारं व्हिंटेज इंजिन जोडलं, त्या जुन्याच रूपात चालू आहेत. आता बिल्डनंतर रंगाआधी मी टेस्टचा आकडा बघतो.