स्टँडअलोन ईसीयू बसवताय? लॅपटॉपच्या आधी मल्टिमीटर घ्या, या चुका टाळा

कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काढून स्टँडअलोन (सगळी सेटिंग स्वतः करता येणारा वेगळा ईसीयू) बसवला, सेल्फ मारला आणि गाडी उचलली नाही, की बहुतेक जण लॅपटॉप उघडून फ्यूएल मॅपमधले (केव्हा किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यातले) आकडे बदलायला लागतात. माझं यावर ठाम मत आहे: नव्या सिस्टिममधल्या सुरुवातीच्या तक्रारी क्वचितच मॅपच्या असतात. दोष वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये किंवा टायमिंगमध्ये (ठिणगी नेमकी कधी पडते त्यात) सापडतो. चुकीच्या सिग्नलवर केलेलं ट्यूनिंग, सिग्नल दुरुस्त झाला की सगळं पुन्हा करावं लागतं.

टायमिंग लाईट न लावता गाडी पळवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. टायमिंग लाईट म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, त्याने ठिणगी खरंच कधी पडते ते दिसतं. स्क्रीनवर १० अंश (पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या १० अंश आधी) दिसतात, म्हणजे इंजिनमध्येही ठिणगी १० अंशांवरच पडते असं नाही. ईसीयूला क्रँकची जागा फक्त ट्रिगर व्हीलच्या (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या) दातांवरून कळते. ३६-१ च्या चाकावर (३६ दातांच्या जागा, त्यातली एक रिकामी) एक दात म्हणजे १० अंश, ६०-२ वर ६ अंश. सेटिंग करताना एक दात इकडचा तिकडे झाला, तरी गाडी चालू होते, आयडलिंगलाही बरी वाटते. टर्बो इंजिनवर लोड आला की मात्र तेवढ्याच फरकाने नॉकिंग (मिक्स्चर अवेळी पेटणं) होऊन पिस्टन जातो.

म्हणून आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि नुसता सेल्फ मारून पाहा. आरपीएमचा आकडा स्थिर दिसला पाहिजे. तो शून्यावर पडत असेल किंवा मध्येच हजारांत उडी मारत असेल, तर पुढे जाऊच नका. सिग्नल नीट आला की कनेक्टर आणि फ्यूज परत लावून गाडी चालू करा, सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करा आणि क्रँक पुलीच्या खुणेवर लाईट मारा. स्क्रीनवरचा आकडा आणि खूण जुळेपर्यंत ट्रिगरचा ऑफसेट बदला. मग रेस वाढवत ४००० आरपीएमपर्यंत न्या. खूण जागेवर राहिली पाहिजे.

ती सरकत असेल आणि क्रँक सेन्सर दोन वायरींचा व्हीआर (चुंबकीय) असेल, तर पहिला संशय उलट्या जोडलेल्या वायरींवर घ्या. पोलॅरिटी उलटी असली की ईसीयू सिग्नलची चुकीची बाजू पकडतो आणि वेग बदलला की टायमिंगही हलतं. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला हा त्रास नाही. तिथे आधी सप्लाय आणि पुल-अप रेझिस्टर तपासा.

कॉइल थेट प्लगवर बसणारी असेल तर लाईटचा क्लॅम्प लावायला जागा नसते. एक नंबरची कॉइल वर उचलून कॉइल आणि प्लग यांच्यामध्ये तात्पुरती प्लग वायर जोडा. वेस्टेड स्पार्क (एकाच प्लगला दर फेरीला ठिणगी) असेल तर डायल असलेली लाईट दुप्पट आकडा दाखवू शकते, त्यामुळे साधी लाईट वापरा. जुन्या इंजिनात पुलीची बाहेरची रिंग रबरावरून सरकलेली असते, तेव्हा खूण खरोखर टीडीसीवर (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेवर) आहे ना, हेही पाहून घ्या.

अर्थिंग मिळेल तिथे जोडणं

ईसीयूचा पॉवर ग्राउंड (इंजेक्टरचा करंट त्यातूनच जातो) आणि कॉइलचा अर्थ थेट इंजिनच्या हेडवर किंवा ब्लॉकवर घ्या. सेन्सरचा अर्थ मात्र ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनवरच, बॉडीवर कधीच नाही. बॉडीवर पंख्याचा नि हेडलाईटचा करंट वाहत असतो आणि तिथे ०.२ व्होल्टचा फरक सहज पडतो. ५ व्होल्टच्या सेन्सरसाठी हा ४ टक्क्यांचा घोळ झाला. मग पंखा चालू झाला की मिक्स्चर बदलतं आणि माणूस दिवसभर मॅप दुरुस्त करत बसतो.

तपासणी सोपी आहे. गाडी चालू, पंखा आणि दिवे चालू. मल्टिमीटरची एक पिन ईसीयूच्या पॉवर ग्राउंडवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आत रीडिंग आलं तर ठीक. क्रँक सेन्सरची वायर शील्डेड घ्या, तिचं शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा आणि ती कॉइलच्या वायरींपासून लांबून न्या. प्लग रेझिस्टरवालेच वापरा.

सेल्फ सोडताच ठिणगी?

काही गाड्यांत चावी स्टार्टवर नेली की ॲक्सेसरीचा सप्लाय तुटतो. ईसीयूची चावीची लाईन तिथून घेतली असेल, तर सेल्फ मारताना तो बंद पडतो आणि सेल्फ सोडताना एखादा फटका देतो. स्टार्टवरही चालू राहणारी लाईन शोधा आणि तिच्यावरून ईसीयूचा मुख्य रिले ओढा. उलट, चावी बंद करूनही इंजिन थांबत नसेल, तर पंख्याच्या किंवा अल्टरनेटरच्या वायरीतून उलटा सप्लाय येत असतो.

कॉइल आणि इंजेक्टर

कॉइल हाताला चटका देण्याइतकी तापत असेल तर लगेच चावी बंद करा. इग्निशन आउटपुटची दिशा उलटी निवडली की कॉइल नको त्या वेळी भरत राहते आणि जळते. ड्वेलचा (कॉइल भरण्याच्या वेळेचा) आकडा त्या कॉइलच्या डेटाशीटवरूनच घ्या.

इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा. १२ ते १६ ओहम असेल तर बहुतेक ईसीयू तो थेट चालवतात. २ ते ४ ओहम असेल तर पीक-अँड-होल्ड (उघडताना जास्त, मग कमी करंट देणारा) ड्रायव्हर किंवा बॅलास्ट रेझिस्टर लागतोच, नाहीतर ड्रायव्हर उडतो. डेड टाइम (सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा वेळ) व्होल्टेजप्रमाणे भरा. तो चुकला तर आयडलिंगला दिवे लावताच मिक्स्चर हलतं.

सेन्सर खरं सांगतोय का?

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा. कूलंट आणि हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. फरक मोठा असेल तर कॅलिब्रेशन चुकीचं आहे. मॅप सेन्सरने (हा फ्यूएल मॅप नाही, इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर) त्या वेळी बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, समुद्रसपाटीला साधारण १०० केपीए.

वाइडबँड सेन्सरच्या (एक्झॉस्टवरून मिक्स्चर सांगणाऱ्या) आधी एक्झॉस्टमध्ये बारीकशी जरी गळती असली, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिन लीन (पेट्रोल कमी) असल्याचं खोटं रीडिंग येतं. आयडलिंगला लीन दिसलं म्हणून पेट्रोल वाढवण्याआधी जॉइंट तपासा. सेन्सर आडवा किंवा पाइपच्या खालच्या बाजूने बसवू नका. त्याचं वायरीकडचं टोक आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर कलतं असू द्या, म्हणजे पाणी साचून तो फुटत नाही. आणि बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर ईसीयूचे सगळे कनेक्टर आधी काढून ठेवा.