कार्पेटवर अंथरलेला गालिचा सरकू नये म्हणून

भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घातलेल्या खोलीत वरून लहान गालिचा अंथरला की तो हळूहळू एका बाजूला सरकतो आणि मध्ये त्याला वळ्या पडतात. याचे कारण बहुधा खालच्या कार्पेटची लव असते. ती एका दिशेला झुकलेली असल्यामुळे प्रत्येक पावलाच्या दाबाने गालिचा त्याच दिशेला किंचित ढकलला जातो. फरशीसाठी मिळणारी रबराची पातळ जाळी येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण तिला चिकटून राहण्यासाठी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. त्याऐवजी कार्पेटवर वापरण्यासाठीच बनवलेले, दोन्ही बाजूंनी पकड घेणारे आणि थोडे ताठ अस्तर घ्यावे व ते कडेने दिसू नये म्हणून गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर लहान कापावे. अंथरण्यापूर्वी खालचे कार्पेट व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावे, कारण धुळीमुळे कोणतीही पकड सैल होते.

शक्य असल्यास सोफ्याचे किंवा पलंगाचे पाय गालिच्याच्या कडेवर येतील अशी मांडणी करावी. माझ्या मते हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि त्याला खर्चही नाही. दुहेरी चिकटपट्टी मात्र आधी कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी लावून पाहावी, कारण काही पट्ट्यांचा गोंद लवेत राहतो व तेथे मळ धरतो. गालिचा अजून विकत घ्यायचा असेल, तर जड आणि आखूड लवेचा निवडावा.