भंडारदऱ्याचे डोंगर: या चुका टाळा

भंडारदऱ्याला पहिल्यांदा येणाऱ्यांचा एक समज असतो. खाली एवढं मोठं पाणी पसरलंय, मग वाट चुकेलच कशी? चुकते. रतनगडावर तर हमखास.

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून निघालं की वाट प्रवरेच्या पात्रालगत जाते, ओढा ओलांडत दाट रानात शिरते आणि जलाशय दिसेनासा होतो. पुढे फाटा आहे. एक वाट गडावर चढणाऱ्या शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाच्या बाजूला. ही दुसरीही चांगली मळलेली आहे, आणि गोची तिथेच होते. एका ऑक्टोबरात गड उतरून आम्ही फाट्यापाशी आलो, तर खिंडीच्या बाजूने हाका. पाच-सहा पोरं दगडांवर बसलेली. उन्हं चढल्यावर निघालेली, तासभर उभा चढ चढून "शिड्या अजून कशा येईनात" म्हणत. मोबाइलवर कुणाचातरी ट्रॅक होता, पण तो हरिश्चंद्रगडाला गेलेल्या माणसाचा! उजेडाला मोबाइलच, तेही चार्जिंग संपत आलेले. आमच्याबरोबरच्या गावातल्या दादांनी त्यांना खाली आणलं तेव्हा मिट्ट काळोख झाला होता. चहा घेता घेता एकाने विचारलं, "दादा, उद्या दुपारपर्यंत सांदण दरी उरकेल ना?" उरकायला ते काय लग्नातलं जेवण आहे?

मी वाट पाठ असली तरी गावातला वाटाड्या घेतो. फाटा आला की थांबून मागे वळून बघतो, कारण उतरताना तीच जागा ओळखू येत नाही. दुपार कलली की रतनगड चढायला घेत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

सांदण दरीत पावसाळ्यात जायचं नाही, आणि अवकाळी ढग दिसले तर एरवीही नाही. दोन्हीकडे उभा कातळ. पाण्याचा लोंढा आला तर बाजूला व्हायला जागाच नाही.

रतनगडाच्या त्र्यंबक दरवाजाने उतरलात तर दुसऱ्या बाजूच्या साम्रद गावाला निघाल. गाडी रतनवाडीत लावली असेल तर मग बसा फोनला रेंज शोधत.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, म्हणून शनिवारी रात्री पायथ्याच्या बारी गावात जत्राच भरते. सूर्योदय बघायला आलेले लोक शिड्यांखाली रांगेत कुडकुडत असतात, सूर्य आपला वेळेवर उगवून मोकळा होतो. आठवड्याच्या मधल्या वारी जा.

कोरे करकरीत बूट घालून येऊ नका.

जलाशयात पोहायला उतरू नका. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं, तेव्हा बुडालेली दरी अजून त्या पाण्याखाली आहे. काठाला गाळ, आणि पुढे खोली कुठे एकदम वाढेल ते वरून कळत नाही.

आणि पिठलं-भाकरीचं वर जायच्या आधी गावात सांगून ठेवा. संध्याकाळी उतरून ताट मागितलंत, तर चुलीपाशी त्या माउलीला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.