वॉटर पार्कला जाताय? बियर संध्याकाळी घरी आल्यावर

मे महिन्यात आमच्या जालना-संभाजीनगरकडं पारा चाळीसच्या वर असतो, अन् पोरं काय करतेत, पार्किंगमधी गाडीतच थंडगार बियर उघडतेत अन् मग आत जातेत. भावांनो, हे नका करू, मनापासून सांगतो. बियरनं गारवा वाटतो पण लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी उलट कमी होतं, वरून ऊन. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दारूनं आधीच गडबडलेला असतो, त्यात गोल फिरणारी राईड म्हणजे उलटी ठरलेलीच. मागच्या वर्षी आमच्यातला एक जण वेव्ह पूलमधी कमरेएवढ्या पाण्यात पडला अन् त्याला उठायलाच येईना, दोघांनी बखोट धरून काढला, अजून आठवलं की धस्स होतं.

स्ट्रॉंगची 650 मिलीची एक बाटली उतरायला चार-पाच तास तरी लागतेत, लिंबू-कॉफीनं ती लवकर उतरत नाही. परतीला गाडी चालवणाऱ्यानं तर थेंबही नको, 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर निघालं की पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा जेल, नाहीतर दोन्ही. पार्कात मठ्ठा, लिंबूपाणी, उसाचा रस प्या, सोबत मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली ठेवा.