बीसी ५४७, रिले आणि माझा ४७ के

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी टाकी भरली की मोटर बंद करणारं सर्किट करायला घेतलं. अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची पिन, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा रिले, म्हणजे कॉइलमधून करंट गेला की ओढला जाणारा स्विच. कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलीअँपिअर लागणार. अ‍ॅम्प्लिफायर नुकताच शिकलो होतो, त्यामुळे ऐटीत ३० ला ट्रान्झिस्टरच्या गेनने (बेसच्या पायात दिलेला करंट कलेक्टरच्या पायात किती पट होतो तो आकडा), म्हणजे २९० ने भागलं, बेस करंट ०.१ मिलीअँपिअर काढला आणि बेसला ४७ के, म्हणजे ४७ हजार ओहमचा रेझिस्टर ठोकून दिला. रिले टक् वाजला. मी खूश.

सबमिशनच्या आदल्या दिवशी ट्रान्झिस्टरचा पाय मोडला. त्याच पुडीतला दुसरा लावला, तर रिले ढिम्म. तिसरा लावला, तोही तसाच. दोन्ही खराब म्हणून भंगाराच्या डबीत टाकले. चौथ्याला लॅबमधले काका म्हणाले, "अरे, कलेक्टर-एमिटरवर मीटर लाव की!" मीटरवर ४.७ व्होल्ट; ट्रान्झिस्टर अर्धवटच ऑन. म्हणजे रिलेच्या वाट्याला जेमतेम ७.३, आणि त्याला ओढायला ९ तरी हवेत.

गेन नगागणिक बदलतो. ५४७बी या ५४७ च्याच प्रकारात २०० पासून ४५० पर्यंत काहीही निघू शकतो. स्विच करायचा असेल तर त्याच्या नादी लागूच नका. कलेक्टर करंटचा सरळ दहावा हिस्सा बेसला द्या. माझ्या बाबतीत ३ मिलीअँपिअर. पिनचे ५ वजा बेस-एमिटरचे ०.७, उरले ४.३, भागिले ३, साधारण १.४ के. मी १ के लावला. मीटर ०.१ च्या आसपास आला, ट्रान्झिस्टर गार.

रिले कलेक्टरच्या बाजूलाच हवा. एमिटरखाली लावलात तर ५ व्होल्टच्या पिनवर त्याला ४.३ च्या वर काही मिळत नाही. दोन्ही सप्लायचे ग्राउंड जोडा. हे मी तीनदा विसरलोय. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड हवाच, पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे. उलटा लावला की ऑन होताच ट्रान्झिस्टर खलास. तेही करून झालंय. आणि ५४७ ची मर्यादा १०० मिलीअँपिअर. ५ व्होल्टचा छोटा रिले ७० च्या घरात खातो, तिथे बेसला ५६० ओहम लावतो.

त्या रात्री भंगाराच्या डबीतले दोघे परत काढून १ के वर लावून पाहिले. दोन्ही टक् वाजले.